भंडाऱ्याचा कोसा आणि ढिवर समाज

वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा जिल्हा भातशेती आणि मालगुजारी तलावांसाठी प्रसिद्ध आहे. या तलावांत मासेमारी व शिंगाड्याची लागवड करून जगणाऱ्या ढिवर समाजाचा आणखी एक जुना व्यवसाय मात्र जंगलातील ऐन व अर्जुन वृक्षांवर वाढणाऱ्या एका अळीच्या आधाराने चालत आला आहे. ‘अँथेरिया मायलिट्टा’ हे शास्त्रीय नाव असलेल्या पतंगाची ही अळी स्वतःभोवती जो टणक कोश विणते, त्यास आणि त्यापासून निघणाऱ्या टसर रेशमास विदर्भात कोसा म्हणतात.

तुतीच्या पानांवर पोसला जाणारा रेशीमकिडा हजारो वर्षांच्या पाळणुकीने इतका परावलंबी झाला आहे की त्याच्या पतंगास उडताही येत नाही. कोशाची अळी अशी माणसाळली नाही. ती उघड्या झाडावरच वाढते, म्हणून तिला घरात आणण्याऐवजी माणसालाच तिच्यामागे जंगलात जावे लागले. कोशातील सुप्तावस्था हिवाळा-उन्हाळा ओलांडून पावसाच्या आरंभी संपते, पतंग बाहेर पडून मीलन होते आणि मादीने घातलेल्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या झाडांवर सोडल्या जातात; तेव्हापासून कोश तयार होईपर्यंत ढिवरांना झाडांखाली राखण करावी लागे, कारण कावळे, मुंग्या आणि गांधीलमाश्या यांना ही गुबगुबीत अळी आयतेच भक्ष्य असते. एका झाडाची पाने संपली की अळ्या दुसऱ्या झाडावर न्याव्या लागत, आणि हे सारे भर पावसात चाले.

या काळात पाळणारे मांसाहार, केशकर्तन व स्त्रीसंग वर्ज्य मानून कडक शुचिता पाळत. या नियमांना केवळ अंधश्रद्धा म्हणणे अन्यायाचे ठरेल. जिच्या रोगाचे कारण दिसत नाही आणि जिच्या मरणाने वर्षाची कमाई बुडते, त्या अळीविषयीची जबाबदारी त्यांतून व्यक्त होत होती. तरीही पेब्रिन या रोगापुढे शुचिता अपुरी पडे, कारण तो मादीकडून अंड्यांत उतरतो. फ्रान्समध्ये 1865 पासून लुई पाश्चर यांनी तुतीच्या रेशीमकिड्यांवर केलेल्या संशोधनातून मादीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून निरोगी अंडी निवडण्याची पद्धत रूढ झाली, आणि टसरचे बियाणे तयार करतानाही आज तीच वापरली जाते.

धागा मिळवण्यासाठी आतील जीव मारून कोश शिजवावा लागतो. पुढील पिढीसाठी काही कोश तेवढे राखले जातात. मोहाडी, आंधळगाव येथील कोष्टी विणकरांनी या सुतापासून करवतीसारख्या दातेरी काठांच्या साड्या विणल्या.

ही साखळी जंगलातील झाडांवर अवलंबून असल्याने कायद्याचा प्रश्न अटळ होता. 1927 च्या भारतीय वन अधिनियमाने जंगलातील रेशीम व कोश यांची गणना वनोपजात केली, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या राखलेली अळी सरकारी नियंत्रणाखाली आली. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाच्या व्याख्येत टसर व कोश यांचा स्पष्ट उल्लेख करून त्यांवरील हक्क वननिवासींना दिला. परंतु महाराष्ट्रात ढिवर अनुसूचित जमातींत मोडत नसल्याने त्यांना 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे 75 वर्षांचे, वास्तव्य सिद्ध करावे लागते. पावसाळ्यात झाडाखाली खोपी बांधून राहणाऱ्या आणि कागद न बाळगणाऱ्या समाजावर ही अट जड आहे, आणि ती शिथिल व्हावयास हवी.