सीट वर की खाली? म्हैसूरच्या मागच्या गल्लीतून



आजचा भाग जेवताना ऐकू नका, एवढं आधीच सांगून ठेवते. तुम्ही बेळगावात असा, इंदुरात असा, बडोद्यात असा, एक भांडण तुमच्या घरात कधी ना कधी झालेलं असणार. कमोडची सीट वर का राहिली? ती ओली का? सगळी फरशी भिजवून कोण गेलं? आणि उलट बाजूने: जाळीत केसांचा गुंता कुणाचा, आणि अर्धा तास आत चाललंय काय? अशी भांडणं कुणी बखरीत लिहून ठेवत नाही. पण मी राहते त्या म्हैसुरात या भांडणाचा निम्मा इतिहास गल्ल्यांच्या आखणीत बसलेला आहे. त्यासाठी आज तिकडे जायचंय.

आधी एक गंमत. सीटच्या प्रश्नावर अर्थशास्त्रज्ञांनी खरोखर डोकं चालवलंय. जे पिल चोई नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने २००२ साली निबंध लिहून हिशेब मांडला, की ज्याने त्याने वापरून झाल्यावर सीट आहे तशी सोडावी, त्यात दोघांचे मिळून कष्ट सहसा कमी पडतात. पुढे हम्माद सिद्दिकी यांनी खेळाच्या सिद्धांताने उत्तर दिलं: बायको ओरडण्याचा धाक हिशेबात धरला, की सीट खाली ठेवण्याचा रिवाज टिकून राहतो, मग तो काटकसरीचा नसला तरी. वाचायला मजा येते. पण दोघांच्याही हिशेबाचा मुख्य आकडा आहे सीट हलवण्याचा. आमच्या घरांतलं भांडण सीट हलवण्यावरून नसतंच हो. सीट पुसायची कुणी, हे भांडण आहे. आणि ‘पुसायची कुणी’ म्हटलं, की आपल्याकडे जात आल्याशिवाय राहत नाही.

आता जुना नियम बघू. उभं राहून लघवी करणं ही पुरुषाची निसर्गदत्त पद्धत, असं आजचे नवरे बिनदिक्कत सांगतात. मनुस्मृती उघडा. चौथ्या अध्यायात चालता चालता आणि उभं राहून, दोन्हींना मनाई आहे. दिवसा तोंड उत्तरेकडे, रात्री दक्षिणेकडे. पाचव्या अध्यायात तर माती किती वेळा लावायची याची मोजदाद आहे. डाव्या हाताला दहा वेळा, मग दोन्ही हातांना सात वेळा, आणि हे गृहस्थाचं झालं; ब्रह्मचाऱ्याला त्याच्या दुप्पट, वानप्रस्थाला तिप्पट, संन्याशाला चौपट. जानवं कानावर चढवणारे, धोतर सावरून उकिडवे बसणारे आजोबा तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिले असतील. म्हणजे ‘बसून कर’ म्हणणारी आजची सून ही जर्मनीतून नवी फॅशन घेऊन आलेली नाही. ती आजेसासऱ्यांचीच रीत सांगते आहे. उभं राहणं आपल्याकडे रूढ झालं ते पाटलोणीबरोबर आणि कचेरीतल्या भिंतीला लावलेल्या मुतारीबरोबर.

अर्थात मनूला मी आज वकील म्हणून उभा करणार नाही. ते सगळे नियम पुरुषाशी बोलतात. ती माती कुणी आणून ठेवायची, तांब्या कुणी भरायचा, याबद्दल अक्षर नाही. बाईचा अलिखित नियम एकच होता: पहाटे उजाडायच्या आत, नाहीतर रात्री अंधार पडल्यावर. मधे लागली तर दाबून धरायची.

आता म्हैसूर. प्लेगचं साल आठवा. १८९७ मध्ये पुण्यात गोरे सोल्जर घरात शिरले, माजघर आणि देवघरापर्यंत गेले, आणि त्या संतापातून २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. १८९८ मध्ये प्लेग म्हैसूर संस्थानात पोचला. इथे प्लेग कमिशनर नेमले ते व्ही. पी. माधवराव. तंजावरकडचे मराठी देशस्थ. हेच पुढे १९०६ ते १९०९ म्हैसूरचे दिवाण झाले, आणि त्यांच्यानंतर आले टी. आनंदराव, सर टी. माधवरावांचे चिरंजीव, तेही तंजावरचे मराठीच. विश्वेश्वरय्या दिवाण झाले १९१२ साली. पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजात शिकलेले, खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवलेले. म्हणजे या गावाचा नवा नकाशा आखला जात होता तेव्हा कारभारात मराठी कानाची माणसं बरीच होती. हे मी अभिमानासाठी सांगत नाही. घरात काय बोलायचं नाही आणि काय बघायचं नाही, याचे संस्कार तेच होते, म्हणून सांगते.

प्लेगनंतर मुंबईत १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, म्हैसुरात १९०३ मध्ये तसंच मंडळ आलं. रुंद रस्ते, हवेशीर वस्त्या, उताराचा फायदा घेऊन गटारं. विद्यारण्यपुरमला सांडपाण्याची शेती होती, ‘सुएज फार्म’ हे नाव म्हैसूरकरांच्या तोंडी अजून आहे. पण जुन्या मोहल्ल्यांत हिंडताना मला ओढ लागते ती घरांच्या पाठीमागच्या अरुंद गल्ल्यांची. इथे सगळे त्यांना ‘कन्झर्व्हन्सी’ म्हणतात. इंग्रजी शब्द, पण भाजीवालीलासुद्धा कळतो. दोन रांगांची घरं पाठीला पाठ लावून उभी, आणि मधे ही बोळकांडी. समोरच्या रस्त्यावरून पाहुणे, मिरवणूक, टांगा. मागच्या गल्लीतून मैला उचलणारा माणूस, आणि बऱ्याचदा बाई.

टोपलीच्या संडासाची रचना समजून घ्या. वर बसायच्या दोन पायऱ्या, मधे भोक, खाली टोपली किंवा डबा. डबा काढायचं बुटकं दार गल्लीच्या बाजूला. घरातल्या माणसाचा आणि सफाई करणाऱ्याचा चेहरा एकमेकांना दिसू नये, असं ते स्थापत्य. वाड्यांच्या मागच्या बोळांनी पुण्यात हेच काम केलं. म्हैसुरात फक्त ते नीट आखून, पट्टी लावून केलं.

या गल्लीचा एक परिणाम असा, की घरात संडासावरून नवरा-बायकोचं भांडण व्हायचं कारणच उरलं नाही. दोघांपैकी कुणालाच काही पुसायचं नव्हतं. भांडणं होत ती न्हाणीवरून. माझं सासर इथलं, घरात मराठी आणि कन्नड एका वाक्यात नांदतात. न्हाणीला सासूबाई ‘बच्चल’ म्हणायच्या, सोवळ्याला ‘मडी’. आपली मोरी म्हणजे घरात भांडी घासायची, हातपाय धुवायची जागा; कन्नडात मोरी म्हणजे थेट गटार. माहेरच्या मराठीत मी पहिल्यांदा ‘मोरीत हात धुवून येते’ म्हटलं, तेव्हा सगळं घर माझ्याकडे बघत राहिलं होतं. तर त्या बच्चलमध्ये तांब्याचा हंडा, त्याखाली लाकडं. तो पेटवायचा बायकांनी आणि पहिलं कढत पाणी पुरुषांना. शेवटची आंघोळ करणारीला कोमट मिळालं तर नशीब. कुरबुर व्हायची, पण दबक्या आवाजात.

मग जिथे मागची गल्लीच नाही, तिथे काय झालं? याची सगळ्यात प्रसिद्ध नोंद त्याच १८९८ सालातली आहे, आणि ती डर्बनची. गांधीजींचं घर विलायती धाटणीचं, खोल्यांतून पाणी बाहेर जायला मोरी नाही, म्हणून प्रत्येक खोलीत लघवीचं भांडं. ती भांडी साफ करणं गांधीजींनी आपल्याकडे आणि कस्तुरबांकडे घेतलं होतं. त्यात एक नवा कारकून राहायला आला. ख्रिस्ती, पण आईबाप पंचम, म्हणजे तेव्हा अस्पृश्य मानलेले. त्याचं भांडं कस्तुरबांना जड गेलं. डोळ्यांतून पाणी काढत त्या जिना उतरत होत्या, आणि नवऱ्याला ते हसतमुखाने व्हायला हवं होतं. शब्दाने शब्द वाढला, त्यांनी हात धरून बायकोला फाटकापर्यंत ओढत नेलं, बाहेर काढायला. या परक्या मुलुखात मी जाऊ कुठे, हे तिने विचारल्यावर ते भानावर आले. ही हकिगत त्यांनी स्वतः आत्मकथेत लिहिली, लाज वाटते म्हणून लिहिली.

या प्रसंगाकडे लोक एक तर गांधींचा जुलूम म्हणून बघतात, नाहीतर कस्तुरबांचा सनातनीपणा म्हणून. मला दोन्ही एकाच भांड्यात दिसतात. नवऱ्याचं तत्त्व बरोबर होतं आणि ते बायकोच्या हातून अमलात आणायचा त्याचा हट्ट नवरेशाहीचा होता. तिचा अपमान खरा होता आणि तिची किळस जातीची होती. मागची गल्ली काढून टाकली की घरात हेच उरतं. म्हणून मला अप्पा पटवर्धनांबद्दल विशेष आदर आहे. कोकणातल्या या माणसाने १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम मिळावं म्हणून उपास केला आणि पुढे कणकवलीला गोपुरी संडासाचे प्रयोग केले. ते काम त्यांनी दुसऱ्या कुणाकडून करवून घेतलं नाही.

कर्नाटकात डोक्यावरून मैला वाहण्याची पद्धत बंद करण्याचं श्रेय बी. बसवलिंगप्पांकडे जातं. देवराज अरसांच्या मंत्रिमंडळातले दलित मंत्री. अरस याच जिल्ह्यातले. दुर्दैव असं, की लोकांना बसवलिंगप्पा आठवतात ते १९७३ च्या म्हैसूरच्या भाषणासाठी. कन्नड साहित्यातलं बरंचसं ‘बूसा’ आहे, म्हणजे गुरांचा कोंडा आहे, असं ते म्हणाले, दंगे झाले, मंत्रिपद गेलं. साहित्याला कोंडा म्हटल्याचा एवढा राग आला. डोक्यावरची टोपली शतकभर समोरून जात होती, तेव्हा दंगा झाल्याचं मी कुठे वाचलेलं नाही. देशभराचा कायदा व्हायला १९९३ उजाडलं, आणि तोही अपुरा पडला म्हणून २०१३ मध्ये दुसरा करावा लागला.

टोपली गेली, फ्लश आला. सगळे म्हणाले, प्रश्न मिटला. प्रश्नाने फक्त पत्ता बदलला. संडास परसातून उठून झोपायच्या खोलीला चिकटला आणि त्याची सफाई कुणी करायची हे कुणी कुणाला विचारलं नाही. ब्रश आणि ॲसिडची बाटली आपोआप सुनेच्या हातात आली. कामवाल्या बाईला सांगून बघा. झाडू-पोछा करते, बाथरूम करणार नाही, केलं तर त्याचे वेगळे पैसे, असं ती पुष्कळ घरांत स्पष्ट सांगते. काहींना हा तोरा वाटतो. तिच्या आजीपणजीने काय वाहिलं असेल ते आठवलं, तर तो तोरा वाटत नाही.

आणि नेमक्या याच वेळी, नव्वदीच्या दशकापासून, फ्लॅटमध्ये कमोड आला. उभं राहण्याची सवय आधीच लागलेली, त्यात जेट स्प्रेची भर. भारतीय बैठकीवर पाणी ओतलं की झालं. कमोडवर पडलेला थेंब मात्र पुढच्या माणसाच्या मांडीला लागतो. तो पुढचा माणूस बहुधा बाईच. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकामात हात घालणाऱ्या बायका शंभरात ८१ आणि पुरुष २६ निघाले. जे करतात त्यांचाही रोजचा वेळ बायकांचा २९९ मिनिटं, पुरुषांचा ९७. सीट पुसायला एक मिनिट लागतं. भांडण त्या एका मिनिटाचं असतं तर इतका आवाज चढला नसता.

परदेशातल्यांना वाटू नये की हे फक्त आपलं. जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या एका घरमालकाने भाडेकरूच्या अनामतीतून १,९०० युरो कापले, कारण उभ्याने लघवी करून बाथरूमची संगमरवरी फरशी खराब झाली. २०१५ साली कोर्टाने निकाल भाडेकरूच्या बाजूने दिला: उभं राहणं अजून सर्रास चालतं, संगमरवर नाजूक आहे हे मालकाने आधी सांगायला हवं होतं. निकाल वाचून मला पहिला प्रश्न पडला, की त्या घरात पुसत कोण होतं. त्याबद्दल कोर्टापुढे कुणी गेलंच नव्हतं.

तिकडे संगमरवराचं भांडण, आणि इकडे वाशीम जिल्ह्यातल्या सायखेड्याला एका बाईने मंगळसूत्र विकून घरी संडास बांधला, तो २०१४ च्या सुमारास. बातमी आली, कौतुक झालं, सत्कार झाला. मला त्यातला तिचा हिशेब आवडतो: सौभाग्याचं लेणं आणि चार भिंती, यांत तिने चार भिंती निवडल्या.

म्हैसूर २०१५ मध्ये स्वच्छ शहरांच्या यादीत देशात पहिलं आलं, २०१६ मध्ये पुन्हा पहिलं. गावभर फलक लागले. ते श्रेय ज्यांचं, ते पौरकार्मिक पहाटे अंधारातच कामाला लागतात, घरातल्या पुरुषांना जाग यायच्या आधी. मागच्या गल्ल्यांत आता स्कूटर उभ्या असतात, कुठे कुणी तुळशीची कुंडी ठेवलीय, कुठे पावसाळ्यात चोंदलेल्या पाइपची तक्रार. जुन्या घरांच्या मागच्या भिंतीत गुडघ्याएवढ्या उंचीवर कधी कधी एक बुजवलेली चौकट दिसते. विटांचा रंग बाकी भिंतीपेक्षा नवा असतो. आमच्या गल्लीतल्या शाळकरी मुलाने विचारलं, आंटी, इतकं छोटं दार कुणासाठी होतं? त्याला वाटलं मांजरासाठी. मी त्याला सगळं सांगितलं, टोपलीसकट. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, आमच्या घरी ते अम्मा करते.