साकाईच्या भट्टीत, 1876

साल 1876. वसंत सरत आलाय. तुम्ही साकाईत आहात, ओसाकाच्या दक्षिणेला, समुद्रकाठच्या लोहारांच्या गावात. 28 मार्चला जपानच्या मेइजी सरकारचा हुकूम निघाला: सैनिक, पोलीस आणि समारंभी पोशाखातले मानकरी सोडून कुणीही कमरेला तलवार लावायची नाही. पुढे लोक सांगतील, तलवारी बंद झाल्या म्हणून जपानी सुरे जन्माला आले. गोष्ट ऐकायला झकास आहे. पण साकाईला ती लागू पडत नाही. पोर्तुगीजांनी (हो, गोव्यात ठाण मांडून बसलेल्या त्याच पोर्तुगीजांनी) जपानला तंबाखूची चटक लावली, ती पानं बारीक चिरायला सुरे लागले, आणि साकाईच्या लोहारांनी ते असे काही घडवले की तेव्हाच्या लष्करी राजवटीने, शोगुनशाहीने, त्या सुऱ्यांवर खास शिक्का मारवला. हा धंदा हुकुमाच्या कितीतरी आधीचा.

आत या. दिवसाढवळ्या अंधार केलाय, आणि तो मुद्दाम. तापलेल्या लोखंडाचा रंग उजेडात फसवतो. भट्टीवर गवताचा पवित्र दोर बांधलाय. बाजूला लाकडी पेटीचा भाता. त्याचा दांडा ओढला तरी वारा, ढकलला तरी वारा. आतल्या फळीच्या कडेने तानुकी नावाच्या प्राण्याची केसाळ कातडी लावलीय, म्हणजे फटीतून हवा निसटत नाही. वर्षातून एकदा या भात्याची पूजा होते. आपल्याकडच्या खंडेनवमीची आठवण व्हावी अशीच.

लोहार जमिनीतल्या खड्ड्यात उभा आहे, ऐरण त्याच्या हाताशी यावी म्हणून. तुमच्या हातात लांब दांड्याचा घण. सांडशीत धरलीय मऊ लोखंडाची पट्टी, तिच्यावर पोलादाचा छोटा तुकडा. लोखंड मार खाईल, पोलाद धार धरेल. नुसत्या पोलादाचा सुरा केला तर तो ठिसूळ व्हायचा आणि घासता घासता हात मोडायचे. दोन्ही भट्टीत जातात, बाहेर येतात, आणि लोहार आपली हातोडी ऐरणीवर टणकन आपटतो. हीच तुमची खूण. मारा! ठिणग्या उडतात, खपल्या गळतात. तो मारतो तिथेच तुम्ही मारायचं, पुढे नाही, मागे नाही. ताप थोडा जास्त झाला तर सांधा झटकन बसतो खरा, पण पोलादाचा कण जाड होतो आणि धार टिकत नाही. म्हणून तो कमीत कमी तापावर सांधा धरवतो. सगळं कसब इथे आहे, आणि ते डोळ्यांत आहे.

पात्याला देबा नावाच्या सुऱ्याचा आकार येतो: रुंद, जाड पाठीचं, माशाचं डोकं उडवायला केलेलं. गार झाल्यावर पुन्हा ठोकणं, कडा कापणं, कानस. मग पात्यावर पातळ चिखल सारवतात, म्हणजे पाण्यात घालताच वाफेचे बुडबुडे चिकटून बसत नाहीत आणि पातं सगळीकडे सारखं निवतं. ताप साधारण 750 ते 800 अंशांच्या मधला. मोजायला काही नाही, फक्त तांबड्या रंगाची एक छटा. तो पातं पाण्यात घालतो. चर्र...

इथेच बरीच पाती वाया जातात. धातू दोन, दोघांचं आकसणं वेगळं, त्यामुळे पातं वाकतं. म्हातारा लोहार ते डोळ्यासमोर आडवं धरतो, हलक्या हातोडीने वाक काढतो. मग पुन्हा जरा शेकतो आणि वर पाण्याचे थेंब टाकतो. ते कसे नाचतात यावरून पोलादाचा ताठा किती उतरला ते त्याला कळतं.

आणि इथे त्याचं काम संपतं. धार तो लावत नाहीच! पातं जातं दुसऱ्या घरी, धारवाल्याकडे. मूठ तिसरीकडे: होओ जातीचं हलकं लाकूड, तोंडाशी म्हशीच्या शिंगाचं कडं, पात्याची शेपटी तापवून आत ठोकलेली. एकटा तपस्वी लोहार अख्खा सुरा घडवतो, हे चित्र साकाईपुरतं तरी खोटं आहे. नाव भट्टीचं होतं, पण मला विचाराल तर सुरा खरा धारवाल्याच्या घरी होतो. तो उतार फक्त एकाच बाजूला काढतो. दुसरी बाजू सपाट दिसते, पण तिच्यावर बोट फिरवा: मध्ये किंचित खोलगट लागेल. त्यामुळे कापलेला मासा पात्याला चिकटत नाही, आणि दगडावर घासताना फक्त कडा टेकते.

आजच्या साकाईतही लोहार, धारवाला आणि मूठ बसवणारा बहुधा वेगवेगळेच असतात. 1982 मध्ये जपान सरकारने इथल्या सुऱ्यांना पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला. असा सुरा कधी घ्यायला गेलात, तर आधी पातं उलटं करून ती खोलगट बाजू उजेडात बघा. आणि डावखुरे असाल तर दुकानदाराला सुरुवातीलाच सांगा. उतार उजव्या हाताच्या हिशेबाने काढलेला असतो, डाव्या हातात तो सरळ कापत नाही.