थांबविणे आणि तोडणे

कुंडलिकेच्या काठच्या आपणां लोकांना वीज परकी नाही. मुळशीचे पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याला येते, १९२७ सालापासून तेथे वीज निर्माण करते, आणि रोह्यावरून समुद्राला मिळते. पेणची पोह्याची गिरणी घ्या की धाटावचा कारखाना, चाके आज विजेच्या मोटारीवरच फिरतात. चाक फिरविण्याचा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. ते वेळेवर थांबविण्याचा इतिहास सहसा कोणी सांगत नाही. तोच आज आम्हांला सांगावयाचा आहे.

वाफेच्या काळी गिरणीत एका इंजिनावर शेकडो यंत्रे पट्ट्यांनी चालत. कोणाचा हात पट्ट्यात सापडला, तर इंजिन काही तत्क्षणी थांबत नसे. जवळचा उपाय एकच : पट्टा घट्ट कप्पीवरून सैल कप्पीवर सरकविणे. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने धोक्याच्या यंत्रांना कठडे घालावयास लावले. १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. पुढे यंत्रागणिक मोटार आली, तसे शक्ती तोडण्याचे साधन कामगाराच्या हाताशी आणणे सोपे झाले. १९४८ च्या कायद्याच्या २४ व्या कलमाने कामाच्या प्रत्येक खोलीत असे साधन सक्तीचे केले. १९७६ च्या दुरुस्तीने त्यात मोलाची भर घातली : जे साधन चुकून ‘बंद’चे ‘चालू’ होऊ शकते, त्याला ‘बंद’ स्थितीत कुलूप घालण्याची सोय हवी.

ही भर का लागली? थांबलेले यंत्र आणि वीज तोडलेले यंत्र एक नव्हे, म्हणून. आजच्या मोटारीचा वेग ‘ड्राइव्ह’ नावाची पेटी सांभाळते. नेहमीचे बटण दाबले की ती पेटी मोटारीला थांबण्याचा हुकूम देते, एवढेच. पेटीच बिघडली असेल तर हुकूम कोण मानणार? म्हणून संकटाचे लाल बटण त्या हुकुमावर विसंबत नाही. ते मोटारीला बळ देणारी वाटच बंद करते. जड चाक मात्र वीज गेल्यावरही फिरत राहते. अशा ठिकाणी आधी वेग उतरवितात व मग लगेच वीज तोडतात. बटण पुन्हा वर ओढले, तरी यंत्र आपोआप सुरू होता कामा नये, हाही नियमच आहे.

एवढ्यानेही तारांना हात लावण्याची मुभा मिळत नाही. ड्राइव्हच्या पोटातील कपॅसिटरांत काही मिनिटे वीज साठून राहते. दुरुस्ती करावयाची तर मुख्य स्विच पाडावा, त्याला कुलूप घालून किल्ली आपल्या खिशात ठेवावी, पेटीवर लिहिलेला वेळ थांबावे, आणि वीज नाही याची मापून खात्री करावी.

यात पाचदहा मिनिटे जातात खरी. मालकाला ती तोट्याची वाटतात, कामगाराला कंटाळ्याची. पण या नियमांमागे कोणाची ना कोणाची बोटे गेलेली आहेत. निदान आपल्या गावात तरी तोच धडा पुन्हा त्याच किमतीला विकत घेऊ नये, एवढीच आमची विनंती आहे.