जुना डबा टीव्ही फेकू नका! सेट टॉप बॉक्स जोडा, सह्याद्री पुन्हा पाहा

गावाकडे अनेक घरांत जुना, पाठीमागे फुगीर असलेला टीव्ही अजून चालू स्थितीत आहे. पण छतावरच्या अँटेनावर आता फक्त मुंग्या दिसतात. कारण टीव्ही बिघडलेला नाही, तर दूरदर्शनने २०२२ पर्यंत आपले बहुतेक जुने ॲनालॉग ट्रान्समीटर बंद केले. त्यामुळे नवा टीव्ही घेण्याची घाई करू नका.

काय लागेल?
छोटी डिश (छत्री), तिच्यावरचा एलएनबी, केबल आणि डीडी फ्री डिशचा सेट टॉप बॉक्स. खर्च एकदाच होतो. फ्री डिशला महिन्याचा रिचार्ज नसतो, म्हणून कोणी दरमहा पैसे मागितले तर देऊ नका. बॉक्स शक्यतो एमपीईजी-४ घ्या, त्यावर जास्त चॅनेल दिसतात. मात्र एक गोष्ट दुकानातच बघून घ्या: बॉक्सला एव्ही आउटपुट हवे. फक्त एचडीएमआय असलेला बॉक्स जुन्या टीव्हीला थेट जोडता येत नाही.

डिश कुठे वळवायची?
फ्री डिशचे सिग्नल जीसॅट-१५ उपग्रहावरून येतात. तो ९३.५ अंश पूर्वेला आहे. महाराष्ट्रातून डिशचे तोंड साधारण आग्नेयेला, म्हणजे पूर्व आणि दक्षिणेच्या मधोमध ठेवावे. समोर झाड किंवा भिंत नको.

वायर कशी जोडायची?
आधी दोन्हींचे प्लग काढा. पिवळी पिन व्हिडिओला, पांढरी आणि लाल आवाजाला. टीव्हीला आवाजाचे एकच भोक असेल तर पांढरी लावा, लाल मोकळी सोडा. मग रिमोटवरचे एव्ही बटण दाबा. बऱ्याच जुन्या सेटमध्ये ० नंबरच्या चॅनेलवर एव्ही असते.

मागे फक्त अँटेनाची जागा असेल तर मधे आरएफ मॉड्युलेटर लावावा लागतो. नंतर टीव्हीवर चॅनेल सर्च करून बॉक्सचे चित्र पकडायचे.

चित्र नीट येत नाही?
• चित्र काळे-पांढरे दिसते किंवा वरखाली पळते: बॉक्सच्या सेटिंगमध्ये पाल निवडा.
• माणसे लांबट दिसतात किंवा कडा कापल्या जातात: ४:३ निवडा.
• ‘नो सिग्नल’ येते: डिश हलली का, केबल सैल झाली का ते पाहा.
• एखादे चॅनेल गायब झाले: ऑटो स्कॅन करा. फ्री डिशवरचे चॅनेल अधूनमधून बदलतात.

हे विसरू नका
टीव्हीचे मागचे झाकण घरी उघडू नका. बंद केल्यानंतरही जुन्या पिक्चर ट्यूबमध्ये जोराचा करंट साठलेला असू शकतो. विजा कडाडू लागण्याआधीच बॉक्सचा प्लग आणि डिशची केबल दोन्ही काढून ठेवा. विजा सुरू झाल्यावर वायरीला हात लावू नका.