पाच नळ्यांची माळ

बिबवेवाडीतील एका घराच्या माळ्यावर दोन जुने रेडिओ सापडले. एक घरगुती विजेवरचा, दुसरा बॅटरीवरचा. शाळेतील मुलांसोबत आम्ही त्यांची मागची झाकणे काढली; वीज मात्र जोडली नाही. पहिल्या संचात तंतूंची तार एका नळीतून निघून दुसरीत, तिथून तिसरीत अशी गेलेली पाहून मुलांनी विचारले, "ही तर दिवाळीच्या दिव्यांची माळ! एक तुटला तर?"

प्रश्न नेमका होता. निर्वात नळीत तंतू तापल्याशिवाय इलेक्ट्रॉन बाहेर पडत नाहीत. म्हणून आवाजाआधी उष्णतेची सोय करावी लागे.

ती सोय दोन प्रकारे होई. 1930 च्या दशकात अमेरिकेत मोटारींमध्ये रेडिओ बसू लागले. तेव्हाच्या मोटारीच्या बॅटरीत तीन घट असत, प्रत्येकी सुमारे 2.1 व्होल्टचे. त्यावरून 6.3 व्होल्टच्या नळ्या रूढ झाल्या. त्यांचे तंतू समांतर जोडत. घरच्या संचात 6.3 व्होल्ट मिळवायला ट्रान्सफॉर्मर लागे. तो जड, महाग आणि दिष्ट प्रवाहावर निरुपयोगी. कलकत्त्यासारख्या शहरांच्या काही भागांत तर दीर्घकाळ दिष्ट प्रवाहच होता. म्हणून 'एसी/डीसी' संच निघाले. त्यांत सर्व तंतू एकसर जोडणीत असत.

आमच्या संचात यूसीएच 42, यूएफ 41, यूबीसी 41, यूएल 41 आणि यूवाय 41 या नळ्या होत्या. साऱ्यांची धारा एकच, 100 मिलिअँपिअर. विभवांतरे अनुक्रमे 14, 12.6, 14, 45 आणि 31 व्होल्ट, बेरीज 116.6. मग 230 पैकी उरलेले सुमारे 113 व्होल्ट? ते एका रोधात खर्च होत. म्हणजे जवळजवळ निम्मी शक्ती केवळ रोध तापवण्यात जाई. शिवाय एक तंतू तुटला की पाचही नळ्या थंड, आणि संचाचा धातूचा सांगाडा थेट विजेच्या एका तारेला जोडलेला! स्वस्ताईची ही किंमत होती.

दुसरा संच खेड्यातला. 1956 मध्ये पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळे चालवली. कार्यक्रम ऐकायचा, मग चर्चा करायची. जिथे वीज नाही तिथे बॅटरी संपली की चर्चाही संपली.

या संचात 1.4 व्होल्ट, 50 मिलिअँपिअरच्या तीन नळ्या होत्या, आणि चौथी 3एस4. तिच्या तंतूचे दोन अर्धे भाग समांतर जोडले तर 1.4 व्होल्ट, 100 मिलिअँपिअर. एकसर जोडले तर 2.8 व्होल्ट, 50 मिलिअँपिअर. आता हिशोब करू. चारही नळ्या समांतर जोडल्या तर 1.4 व्होल्टवर 250 मिलिअँपिअर. एकसर जोडल्या तर 7 व्होल्टवर 50 मिलिअँपिअर. दोन्हींचा गुणाकार 0.35 वॅट! जोडणी बदलून ऊर्जा वाचत नाही. हाताशी असलेल्या उगमाशी मेळ तेवढा बसतो.

हे वर्गात पडताळायला जुना रेडिओ नको, आणि तो विजेला तर कधीच जोडू नये. टॉर्चचे चार सारखे दिवे आणि काही घट पुरेत. दिवे आधी समांतर जोडावे, मग एकसर. प्रत्येक वेळी एक दिवा काढून मुलांना विचारावे: आता कोणाचा रेडिओ बंद पडला?