गुरुवारची सुट्टी आणि चैत्रातले खाडे

आमच्या भोसरी-पिंपरीकडं रविवारी भोंगे वाजायचे आणि गुरुवारी सामसूम. एमआयडीसीला आठवड्याची सुट्टी गुरुवारी. विजेचा भार एकाच दिवशी पडू नये म्हणून भागाभागाला वेगवेगळे वार वाटून दिलेले, त्यात आमच्या वाट्याला हा आला. पुण्याचे पाहुणे रविवारी यायचे तेव्हा वडील फस्ट शिफ्टला, आणि वडील घरी असायचे तेव्हा आमची शाळा. आजी मात्र खूश. "दत्ताचा वार हाय, कंपनीवाल्यांनी इचार करूनच काढला आसंल," म्हणायची. विजेचं कारण तिला कुणी समजावलं नाही, आणि समजावलं असतं तरी तिनं मानलं नसतं.

त्या गुरुवारी देहू-आळंदी भरून जायची. कुणी डबा बांधून घोरावडेश्वराची लेणी चढायचं. 1978 ला पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली आणि पावसाळ्यात भुशी डॅमही आपल्या दारातला झाला. आम्ही बहुतेक आळंदीलाच. आई देवळात, आम्ही इंद्रायणीत आणि वडील घाटाच्या पायरीवर पंचा डोक्याखाली घेऊन गाढ झोपलेले. नाइट करून आलेला माणूस सहलीला गेला तरी झोपायलाच जातो.

पण ही झाली कंपनीनं दिलेली सुट्टी. खरी सुट्टी चैत्रातली, आणि ती कुठल्याच कंपनीच्या कॅलेंडरात नव्हती.

चैत्र लागला की भैरवनाथ, खंडोबा, गावोगावच्या देवांच्या जत्रा सुरू. त्या तिथीनं चालायच्या, शिफ्टनं नाही. मांडवडहाळे, शेरणीचा गूळ, रात्री छबिना आणि तमाशा, दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा हगामा, आणि सगळ्यांच्या वरताण म्हणजे बैलगाडे. तमाशाची सुपारी द्यायला पंचमंडळी नारायणगावला जायची. तिथं फडांच्या राहुट्या लागतात. आमचे आजोबा त्या पंचांत. विठाबाईंचा फड एका वर्षी आपणच ठरवला, असं ते छातीवर हात ठेवून सांगायचे. आजीचं म्हणणं, ठरवला दुसऱ्यांनीच, हे नुसते मिसळ खायला गेले होते.

1954 ला पिंपरीत पेनिसिलीनचा कारखाना आला, 1962 ला एमआयडीसी स्थापन झाली, पुढं टेल्को आली. आमचं रान प्लॉटांत गेलं. नेमकं कुठल्या साली, याबद्दल चुलत्यांचं आणि वडिलांचं कधीच जमलं नाही. नांगराचे बैल विकले. गाड्याचे खोंड मात्र दावणीला राहिले. नांगरायला रान नाही आणि गोठ्यात चार बैल! त्यांना दूध, अंडी, उडदाची भरड. आम्हा पोरांना अंडं आजारपणात. आजीनं एकदा विचारलं, "ह्यांचा उपेग काय?" आजोबा म्हणाले, "तुझ्या म्हाताऱ्याचा तरी काय हाय?"

बायकांच्या वाट्याला घाट, म्हणजे बैलगाडे पळायचे तो चढ, नव्हता. पाहुण्यारावळ्यांच्या भाकरी थापायच्या, मटणाचं पातेलं राखायचं, आणि पाठीमागून कुठून तरी 'भिर्रर्र' ऐकू आलं की कुणाच्या गाड्याची बारी असेल याचा अंदाज बांधायचा. जत्रा आमच्यासाठी म्हणजे बांगड्यांची पाटी, पाळणा आणि पिशवीतली गोडीशेव. मी घाट पहिल्यांदा पाहिला तो आत्याबरोबर, लांबच्या बांधावरून, चोरून. चढावर धुळीचा लोट, पुढं घोडीवरचा पोरगा, मागं चार बैल, आणि कडेचे पुरुष टोप्या उडवत असे काही ओरडत होते की त्यांत आपले शांत वडील कोणते हे मला ओळखू येईना.

बारी मोजायची सेकंदांवर, आणि भांडणं त्या सेकंदांवरूनच. आमच्या घरात एक गोष्ट चालत आली आहे, खरी-खोटी भैरोबा जाणे. एका कारखान्यात कामगाराच्या हातांना किती वेळ लागतो हे स्टॉपवॉच लावून मोजणारे एक साहेब होते, बंगालकडचे. चैत्रात एवढे खाडे का पडतात, हे बघायला आमचे चुलते त्यांना घाटात घेऊन आले. साहेबांनी सवयीनं खिशातलं घड्याळ काढलं. दोन गाड्यांत कोण पुढं यावर हमरीतुमरी चालली होती, साहेबांनी फरक सांगितला आणि दोन्हीकडच्यांनी मान्य केला. ते परके, म्हणून. पुढच्या वर्षी साहेबांना रीतसर आमंत्रण गेलं, फेटा बांधला, नारळ दिला. चुलत्यांचा त्या चैत्रातला खाडा मात्र हजेरीपत्रकावर तसाच लागला म्हणे.

7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यती थांबवल्या. माझं मन तेव्हा दोन्हीकडं होतं. पिराणी टोचलेली, शेपूट पिरगाळलेली मी त्या बांधावरून पाहिली होती. हौस माणसाची आणि वळ बैलाच्या अंगावर, हे काही खोटं नाही. पण चुलते ती सात वर्षं बैल नुसते सांभाळत राहिले. रोज संध्याकाळी त्यांना फिरवून आणायचे. "कुठं निघाला?" विचारलं की "पोरांना हवा दाखवून आणतो."

16 डिसेंबर 2021 ला परवानगी मिळाली, 2023 च्या मे महिन्यात घटनापीठानं राज्याचा कायदा कायम केला. आता पिराणी, चाबूक बंद; जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. 2022 च्या मे महिन्यात चिखलीत शर्यती झाल्या, त्यात बक्षिसाला जेसीबी, बोलेरो, ट्रॅक्टर. आजोबांना फेटा मिळाला तरी महिनाभर पुरायचा. आणि जेसीबी! आमची रानं सपाट करायला आलं तेच यंत्र बैलांच्या पायाशी बक्षीस म्हणून उभं. चुलत्यांना यात काही वावगं दिसलं नाही. "भाड्यानं लावता येतो," म्हणाले.

आता जत्रेला बाया घाटाच्या कडेला खुर्चीवर बसतात. मीही बसते.

पुतण्या चाकणच्या एका प्लांटात आहे. त्याला सुट्टी रविवारी, आणि खाडा केला तर पगारालाच कात्री लागते. तरी गेल्या चैत्रात गडी बारीच्या आधी घाटात हजर. मी म्हटलं, "रजा दिली का रे?" म्हणाला, "कुठली रजा, काकू? माझ्या लाइनवर बिहारचा एक जण आहे. चैत्रात तो माझी शिफ्ट करतो, छठला मी त्याची. सुपरवायझरला माहीत आहे, तो बोलत नाही. तो सोलापूरकडचा, त्याला आषाढीला आम्हीच लागतो."