नकाशात न मावलेला माळ

(रेडिओवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

शाळेत असताना भूगोलाच्या तासाला भारताचा नकाशा रंगवायचे काम मला फार आवडायचे. सह्याद्रीला हिरवा, राजस्थानला पिवळा, हिमालय पांढराच सोडायचा. आमचा भाग आला की पेटीतला तपकिरी रंग काढायचा आणि भराभर घासून मोकळे व्हायचे. तिथे काही असेल, असे वाटतच नसे.

खरे तर आमच्या गावाच्या पश्चिमेला कोसभर पसरलेला माळ होता. त्याच्या एका टोकाला पिराची मजार, दुसऱ्या टोकाला बिरोबाचे ठाणे आणि मधे इदगाहची पांढरी भिंत. गावात त्याला 'पिराचा माळ' म्हणत. ईदच्या नमाजाला दादांचे बोट धरून मी तिथे जात असे. श्रावणात गुडघाभर गवत वाऱ्यावर लवायचे. चंडोल गात गात सरळ आभाळात चढायचे. परत येताना पायजम्याला कुसळे चिकटलेली असायची, ती काढण्यात दादीचा अर्धा दिवस जायचा.

१९८०च्या दशकातली गोष्ट. मी आठवी-नववीत असेन. एका पावसाळ्यात आम्हा मुलांना रांगेने माळावर नेले. 'पडीक जमीन हिरवी करू या' अशा घोषणा होत्या. खड्डे आधीच खणलेले होते, प्रत्येकाने एक रोप लावायचे होते. कुणी सुबाभूळ लावली, कुणी ग्लिरिसिडिया. मीही लावले आणि छाती फुगवून उभा राहिलो. तेवढ्यात मेंढरे घेऊन चाललेला एक म्हातारा धनगर थांबला. म्हणाला, "पोरांनो, झाडं लावताय ते चांगलंच हाय. पण मेंढरं आता कुठं न्यायची, तेवढं सांगा." आम्ही हसलो.

आज वाटते, त्या दिवशी हसायला नको होते. कारण तो 'पडीक' शब्द आमच्या माळाचा नव्हताच. शेतकऱ्याच्या तोंडी 'पड' म्हणजे नांगराखालची, विसाव्यासाठी सोडलेली जमीन. माळाला कुणी पडीक म्हणत नसे. मग हा शब्द त्याला चिकटला कसा? याचा मागोवा घेताना आपल्या देशाच्या निसर्गाचे नकाशे कसे तयार झाले, तो इतिहासच माझ्यासमोर उलगडत गेला.

कुठे कोणते झाड, कुठे कोणते जनावर, ही नोंद आपल्याकडे जुनी आहे. बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातले प्राणी, पक्षी, फळे, फुले यांचे तपशीलवार वर्णन केले. पेशावरच्या रानात गेंडे पुष्कळ आहेत, असे तो लिहितो. आज तिथे गेंडा नाही. पण होता, हे बाबराच्या त्या ओळींमुळे कळते. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त सुभ्यांची माहिती देताना कुठल्या रानात हत्ती सापडतात तेही टिपून ठेवले. शब्दांनी काढलेले नकाशेच होते ते.

कागदावरचा नकाशा पुढे कंपनी सरकारने आणला आणि त्याचा हेतू सारा हा होता. १८३०च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यापासून नवी जमीन मोजणी सुरू केली. शेताला सर्व्हे नंबर आला, मातीची खोली व जात पाहून प्रत ठरू लागली आणि त्या प्रतीची किंमत आण्यांत मांडली जाऊ लागली. खोल काळी माती सोळा आणे. मग उतरत उतरत मुरमाड जमीन तळाला. शेतातल्या ज्या तुकड्यात पीक येणार नाही तो 'पोटखराबा'. हा शब्द आजही आपल्या सातबारावर आहे. पद्धत हुशारीची होती आणि आधीच्या अंदाधुंदीपेक्षा रयतेला बरीही होती. पण तिच्या डोळ्यांना पीक तेवढे दिसे. ज्यावर सारा बसत नाही ती जमीन 'वेस्ट', म्हणजे वाया गेलेली. इंदापूरच्या आसपास तर मैलच्या मैल माळ होता. तो असा मोजणीच्या पहिल्याच फेरीत नापास झाला.

याच काळात दुसरी माणसे वेगळ्या ओढीने फिरत होती. जोसेफ हूकर यांनी १८७२ ते १८९७ या काळात ब्रिटिश हिंदुस्थानच्या वनस्पतींचा सात खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. १८९०मध्ये भारतीय वनस्पती सर्वेक्षण स्थापन झाले, १९१६मध्ये प्राणी सर्वेक्षण. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची तयार केली. १९३०च्या दशकाच्या आरंभी सालिम अली यांनी निजामाच्या हैदराबाद संस्थानातले पक्षी हिंडून नोंदवले. आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. कुठल्या जिल्ह्यात कोणता पक्षी दिसला, या अशा नोंदींवरच पुढचे प्रसार-नकाशे उभे राहिले.

१९३६ साली हॅरी चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने भारत व ब्रह्मदेशातल्या जंगलांचे प्रकार ठरवले. १९६८मध्ये चॅम्पियन आणि सेठ यांनी त्याची सुधारित आवृत्ती काढली. तिच्यात जंगलांचे १६ गट आहेत. आपला वनविभाग आजही तीच भाषा बोलतो. हे काम मोठेच आहे. पण चॅम्पियन वनाधिकारी होते आणि वनाधिकाऱ्याचे मन झाडात असते. त्यांच्या यादीत कोरड्या प्रदेशातले गवताळ रान आले ते बहुतांशी जंगलाची 'अवनत अवस्था' म्हणून. म्हणजे इथे एके काळी जंगल होते, कुऱ्हाडीने, आगीने, गुराढोरांनी ते संपवले आणि उरले ते गवत. काही ठिकाणी हे खरेही आहे. पण सगळीकडे तेच गृहीत धरले गेले. महसूल खात्याने माळाला नापास केले होते. वनखात्याने त्याला आजारी ठरवले.

१९५५ साली पुदुच्चेरीत फ्रेंच इन्स्टिट्यूटची स्थापना झाली. तुलूझचे वनस्पतिशास्त्रज्ञ आंरी गोसाँ यांच्या पद्धतीने तिथल्या संशोधकांनी १९६१पासून वनस्पतींचे नकाशे काढायला सुरुवात केली. लेग्री आणि मेहेर-होमजी ही त्यांतली ठळक नावे. एक सेंटिमीटरला दहा किलोमीटर असे हे प्रमाण. पाऊस, उष्णता, कोरडे महिने यांसाठी वेगवेगळे रंग. ओल्या मुलखाला निळसर, कोरड्याला तांबूस-पिवळा. नकाशाकडे नुसते पाहिले तरी हवामान समजावे. माझ्या शाळेतल्या तपकिरी खडूपेक्षा किती वेगळे!

गवताची बाजू घेणारेही कुणी होते. दाबडघाव आणि शंकरनारायण या दोघांनी १९७३ साली 'भारताचे गवत-आच्छादन' या विषयावर इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला. देशभर पाहणी करून त्यांनी गवताचे पाच मोठे प्रकार मांडले. आपले दख्खन त्यांतल्या ज्या प्रकारात येते, त्याला दोन गवतांच्या कुळांचे जोडनाव आहे. आपल्या बोलीत सांगायचे तर पवन्या आणि मारवेल. कृषिखात्याबाहेर हा ग्रंथ फारसा कुणी वाचला नाही. कवी मंडळींनी तर नाहीच. आम्ही नुसतेच 'तृण' म्हणत बसलो.

मग उपग्रह आले. १९८१ साली भारतीय वन सर्वेक्षण स्थापन झाले आणि १९८७मध्ये देशाच्या वनस्थितीचा पहिला अहवाल निघाला. पुढे ठरलेल्या व्याख्येनुसार किमान एक हेक्टर जागेत झाडांच्या फांद्यांची सावली दहा टक्के असली की ते वनाच्छादन. म्हणजे दाट आमराईही त्यात बसते आणि चिंकारा चरत असलेला माळ बसत नाही. १९८५मध्ये राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झाले. आमच्या खड्ड्यांचा उगम मला या सगळ्यात सापडला. २००० साली देशाचा पडीक जमिनींचा अॅटलास निघाला. त्यानुसार देशाची २० टक्के जमीन पडीक ठरली. झुडपाळ जमीन, वाळूचे टेकाड, उघडा खडक, सारे एकाच मथळ्याखाली. उपग्रहाने फोटो अचूकच काढला होता. त्याखालचा शब्द मात्र दीडशे वर्षांपूर्वीच्या मोजणीतला होता.

प्राण्यांकडून पाहिले की चित्र पालटते. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या रॉजर्स आणि पनवार यांनी १९८८मध्ये देशाचे दहा जैवभौगोलिक विभाग पाडले. प्रत्येक विभागात काय आहे आणि त्यातले किती राखलेले आहे, असा त्यांचा साधा प्रश्न होता. दख्खनचे पठार हा त्यांतला सर्वांत मोठा विभाग, देशाच्या सुमारे ४२ टक्के. त्यातल्या उघड्या माळांना संरक्षण मात्र नावापुरते.

याची किंमत माळढोकाने मोजली. सालिम अलींना हा पक्षी राष्ट्रीय पक्षी व्हावा असे वाटत होते. १९६९ साली धर्मकुमारसिंहजींनी देशात सुमारे १२६० माळढोक असल्याचा अंदाज केला होता. १९७९मध्ये सोलापूरच्या नान्नजसह अहमदनगर, सोलापूर भागात त्याच्यासाठी ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. पण त्या रेषेच्या आत गावे, शेते, बाजार, रस्ते सारे आले. लोकांना जमिनीचा साधा व्यवहार अवघड झाला. त्यांचा राग पक्ष्यावर निघाला. नंतर क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. पण माळ कुठे संपतो आणि शिवार कुठे सुरू होते, हे पहिल्याच दिवशी नकाशावर असते तर? आज देशात माळढोक दीडशेच्या आसपास असतील-नसतील, बहुतेक राजस्थानात. आपल्याकडे एखादा दिसला तरी बातमी होते.

गेल्या काही वर्षांत वारे थोडे बदलले आहे. मधुसूदन आणि अबी तमीम वनक या शास्त्रज्ञांनी देशातल्या निमकोरड्या, उघड्या नैसर्गिक प्रदेशांचा वेगळा नकाशा केला. २०२३मध्ये तो शोधपत्रिकेत प्रसिद्ध झाला. हे प्रदेश देशाच्या सुमारे दहा टक्के भूभागावर आहेत आणि त्यांतले पाच टक्केही संरक्षित नाहीत. २०२५मध्ये आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांचा अभ्यास आला. त्यांनी जुन्या मराठी वाङ्मयात आणि लोकपरंपरेत आलेली झाडे गोळा केली आणि पश्चिम महाराष्ट्रातले माळ निदान साडेसातशे वर्षे जुने आहेत, असे दाखवले. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरातले कान्होपात्रेचे तरटीचे झाड आठवा. तरटी ही उघड्या, कोरड्या, काटेरी रानातली. भाविक शतकानुशतके त्या झाडाला हात जोडत आले आणि हा मुलूख मुळात कसा होता याची साक्ष ते उभ्या-उभ्या देत राहिले. आपल्या ओव्या आणि कथांमध्ये देशाचा नकाशा दडलेला आहे, हे शास्त्रज्ञांनी सांगावे लागले, याची कवी म्हणून मला थोडी लाजच वाटली.

गेल्या ईदला गावी गेलो होतो. माळावरची बरीच रोपे केव्हाच वाळून गेली. जिथे ग्लिरिसिडिया जगला तिथे खाली गवत नाही. चंडोल ऐकू आला, पण लांबून. मी लावलेले झाड कोणते, ते ओळखता आले नाही. शेजारच्या इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या माळावर मात्र आता लोक चिंकारा पाहायला मुद्दाम येतात. ज्या तालुक्यात माळ पहिल्यांदा नापास झाला, तिथेच त्याला पाहुणे येऊ लागले आहेत.

तुमच्या गावच्या माळालाही एखादे नाव असेल. पिराचा, म्हसोबाचा, घोड्याचा, लांडग्याचा. तिथल्या गवतांची नावे सांगणारी एखादी आजी, एखादा मेंढपाळ अजून असेल. ती नावे वहीत उतरवून ठेवा. पुढचा नकाशा काढणाऱ्याला ती लागणार आहेत. आणि त्या म्हाताऱ्या धनगराने विचारले होते, मेंढरे कुठे न्यायची? चाळीस वर्षे झाली, त्याला उत्तर देणे अजून बाकी आहे.